तुमचं मतदान झालंय

ऑफिसात मला पाठीमागे 'सर्क्युलर मॅडम' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही. कुणाचं एलटीसीचं, म्हणजे रजेतल्या प्रवासभाड्याचं, बिल माझ्या टेबलावर आलं की तिकिटावरची तारीख आणि मस्टरवरची सही मी ताडून बघते. बायकामुलांसह उटीला गेलेला माणूस त्याच सकाळी फोर्टमध्ये मस्टरवर सही करून गेलेला असतो, असं निदान तीनदा सापडलंय. बिल परत जातं. मग तो येऊन टेबलाजवळ घुटमळतो. "मॅडम, सगळेच करतात हो," म्हणतो. मी चष्म्यावरून बघते. हे चष्म्यावरून बघणं मी आमच्या जुन्या सुपरिटेंडेंट बाईंकडून उचललं, त्यांचा उल्लेख पुढे येईलच.

तर अशा या बाईने १९९९ च्या मे महिन्यात दुसऱ्या एका बाईच्या नावाने सही ठोकून तिचं मत टाकलं. माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीलाही नाही. इथे लिहितेय म्हणजे आता दोघांनाही कळेल. रात्री जेवताना काय व्हायचं ते होवो.

निवडणूक लोकसभेची नव्हती, विधानसभेचीही नव्हती. ती होती आमच्या कर्मचारी पतपेढीची. ज्यांनी मुंबईत सरकारी, निमसरकारी ऑफिसात दिवस काढले नाहीत त्यांना पतपेढी म्हणजे काय प्रकरण असतं ते सांगून पटायचं नाही. दर महिन्याला पगारातून वर्गणी कापली जाते, शेअर्स साठतात, वर्षाकाठी डिव्हिडंड मिळतो, दिवाळीला स्टीलचा डबा नाहीतर प्रवासी बॅग मिळते. पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट कर्जाची. बहिणीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, खोलीचं डिपॉझिट, भावाचं दुकान, सगळ्याला पतपेढी. बँकेत छप्पन कागद, इथे एक अर्ज आणि दोन जामीनदार. आणि कुणाचा अर्ज या महिन्याच्या मीटिंगला घ्यायचा, कुणाचा 'पुढच्या वेळी बघू' म्हणत खाली सरकवायचा, हे ठरवणारी माणसं म्हणजे संचालक मंडळ. त्यामुळे या निवडणुकीला आमदारकीपेक्षा जास्त चुरस. पॅनल उभी राहायची, पॅनलला चिन्हं असायची, कपबशी, छत्री, विमान. जिन्यात पत्रकं चिकटायची, त्यावर 'आपले नम्र' खाली पासपोर्ट फोटोंची रांग. एरवी साहेबाला 'गुड मॉर्निंग' न म्हणणारी माणसं त्या पंधरवड्यात शिपायाच्या आईच्या मोतीबिंदूची चौकशी करायची.

अण्णा आमच्या डिस्पॅचचे हेडक्लार्क आणि पतपेढीचे मानद सचिव. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, गालात लवंग. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला ही गोष्ट सांगणं सोपं गेलं असतं. दोन वर्षांपूर्वी भांडुपला खोली घेताना आम्हाला ४० हजार कमी पडत होते. मी नवीन, माझे शेअर्स जेमतेम, मला कोण जामीन राहणार? अण्णांनी अर्ज रांगेतून वर काढला आणि दुसरा जामीनदार मिळेना तेव्हा स्वतः सही केली. वर "नवऱ्याला सांग, आधी पंखा घे, मग टीव्ही," असा सल्लाही दिला. त्या खोलीच्या चावीला अण्णांच्या सहीचं वजन होतं, हे मला रोज कुलूप उघडताना जाणवायचं.

मतदान शनिवारी होतं, कॅन्टीनमध्ये. माझं मत मी सकाळीच टाकून आले. जेवणाच्या सुट्टीनंतर अण्णा टेबलाशी आले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची ताईची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून ताई. सासू आजारी म्हणून ती संगमेश्वरजवळच्या गावी गेली होती आणि सोमवारशिवाय येणार नव्हती.

"तिचं मत फुकट जाणार," अण्णा म्हणाले.

मला कळलं. म्हणजे लगेच कळलं, हे लिहायला हवं. मी "म्हणजे?" असं विचारलं ते उगाच.

"अगं, बघितलंस ना दिल्लीत? एका मतानं सरकार गेलं."

१७ एप्रिलला लोकसभेत वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं पडलं होतं. महिना उलटला तरी कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता. ते एक मत कुणाचं, यावर माणसं चहाचे कप आपटून भांडत होती. त्यामुळे एक मत म्हणजे केवढी मोठी गोष्ट हे कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. अण्णांनी तेवढंच वापरलं.

"आपल्याच सेक्शनचं मत आहे," ते उठता उठता म्हणाले. "आपल्याच घरात राहील."

मस्टरवर ताईचं नाव माझ्या नावाच्या वर होतं. तीन वर्षं मी रोज सकाळी तिच्या सहीखाली सही करत होते. तिच्या सहीत पहिलं अक्षर ऐसपैस, आणि शेवटी एक रेघ मागे वळून त्याच अक्षराच्या पायाशी यायची, शेपूट पोटाशी घेऊन झोपलेल्या मांजरीसारखी. कॅन्टीनमध्ये टेबलामागे सहकार खात्याकडून आलेले अधिकारी बसले होते, त्यांना आमच्यातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. फोटोचं ओळखपत्र मागायची पद्धत नव्हती, बोटाला शाई नव्हती. विरोधी पॅनलचे एजंट म्हणून दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते, ते नेमके वडापाव आणायला गेले होते. (नेमके कसे, ते अण्णांना ठाऊक.) मी ताईचं नाव सांगितलं. मतपत्रिकेच्या काउंटरफॉइलवर सही केली. ती मला पहिल्या फटक्यात जमली, मांजरीच्या शेपटीसकट. घाबरून हात थरथरला वगैरे काही झालं नाही. उलट 'वा, जमली की,' असं मनात आलं. पडद्याआड जाऊन ११ शिक्के मारले, पॅनल टू पॅनल. परत येऊन इनवर्ड रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

पावणेचारला ताई आली.

ती पहाटे पाचला गावाहून निघाली होती. एसटी वाटेत बंद पडली, दुसरीत उभ्याने आली, आणि परळला उतरून तिने टॅक्सी केली. स्टेशनपासून ऑफिसपर्यंत शेअर टॅक्सीचे पैसे वाचवायला चालत येणारी ही बाई. मतदान चारला संपणार होतं. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं, शिपायाच्या खांद्यावर आंब्याची पेटी. "ही सेक्शनमध्ये ठेव," असं त्याला सांगून ती तशीच कॅन्टीनकडे गेली. मी जागची हलले नाही. पण कॅन्टीन आमच्याच मजल्यावर, आणि दार नेहमी उघडं.

"बाई, तुमचं मतदान झालंय."

"कसं होईल? मी आत्ता येतेय."

"सही आहे तुमची."

मग आवाज वाढले. वडापाववाले एजंट उभे राहून बोटं नाचवायला लागले. मी दारापर्यंत गेले, चहाच्या पिंपाशी उभी राहिले. जायला नको होतं, पण न जाणं जास्त दिसलं असतं. ताईने अधिकाऱ्याच्या हातातून पेन घेतलं आणि एका कोऱ्या कागदावर स्वतःची सही करून दाखवली. "ही माझी. आता ती बघा." अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. मग तो म्हणाला, "बाई, दोन्ही सारख्याच दिसतायत की."

कुणीतरी हसलं. दुसरं कुणी म्हणालं, "ताई, सकाळी टाकून गेलात आणि दुपारी परत आलात काय?" मग बरेच जण हसले.

ही गोष्ट मी मनात जितक्यांदा चाळली असेल तितक्यांदा इथेच अडकते. माझी सही वाईट उमटली असती तर तिचं खरं ठरलं असतं. मी ती इतकी छान काढली की खोटी ती ठरली. तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. माझ्याकडेही, पण थांबून नाही. म्हणाली, "मी उपाशी आलेय रे पहाटेपासून." त्याला कुणाकडेच उत्तर नव्हतं. कॅन्टीनच्या पोऱ्याने तेवढा चहा दिला.

नंतर कळलं ते असं. घराच्या भिंतीसाठी तिने केलेला कर्जाचा अर्ज अण्णांच्या मंडळाने चार महिने खाली सरकवला होता, कारण तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ समोरच्या पॅनलमध्ये होता. म्हणजे ज्या ११ जणांना मी तिच्या नावाने निवडून देत होते, त्यांनाच पाडायला ती एसटीत उभी राहून आली होती. मला हे आधी माहीत होतं का? नाही. विचारलं होतं का? तेही नाही.

निकाल लागला. अण्णांचं अख्खं पॅनल आलं, सगळ्यात काठावरचा उमेदवारही ६० च्या वर मतांनी. दिल्लीत एका मतानं सरकार पडलं असेल, आमच्याकडे माझ्या शिक्क्यांवाचून काही अडलं नव्हतं. चोरी केली तीही गरज नसताना.

ताईने फूलस्केपवर तक्रार लिहून दिली. सुपरिटेंडेंट बाईंनी आम्हा चौघींना आळीपाळीने नव्हे, एकत्रच बोलावलं. "त्या दिवशी कुणी काही पाहिलं का?" पहिली म्हणाली, नाही. दुसरी म्हणाली, नाही. मी तिसरी होते. बाईंनी चष्म्यावरून बघितलं, माझ्याकडे थोडं जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, चौथीलाही कदाचित तसंच वाटलं असेल. मी नाही म्हटलं. सहीचं मी एकवेळ स्वतःला समजावू शकते: कृतज्ञता, भिडस्तपणा, वय, अण्णा. या 'नाही'ला मात्र काहीच सापडत नाही. तिथे अण्णा नव्हते.

पुढे दोन महिन्यांत ताईचं कर्ज मंजूर झालं. अण्णांनीच केलं. तक्रार मागे घेतली गेली. याला आमच्याकडे 'मिटवलं' म्हणतात.

आंब्याचं राहिलं. सोमवारी तिने पेटी उघडली. गवतातून एकेक हापूस काढून सगळ्यांना दोन-दोन दिले, ज्यांनी हसून घेतलं होतं त्यांनाही. मला तीन दिले, कारण मला पाचवा महिना होता. तिसरा आंबा मी घरी नेला नाही. संध्याकाळच्या लोकलमध्ये समोरच्या बाईच्या मांडीवर एक पोरगं रडत होतं, त्याला दिला.

तेव्हा पोटात होती ती मुलगी आता २६ वर्षांची आहे आणि राजकारणावर माझ्याशी भांडते.

आमच्या घरात निवडणूक आली की प्रत्येकाची काळजी वेगळी. नवरा टीव्हीसमोर बसून सगळ्या चॅनलांवरच्या सगळ्या पाहुण्यांना खोटं ठरवतो. सासूबाईंची काळजी चिन्हांची. एवढी वर्षं धनुष्यबाण म्हणजे एक पक्ष आणि घड्याळ म्हणजे एक पक्ष असा सरळ हिशोब होता. २०२४ मध्ये त्यांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले, की आता धनुष्यबाण यांच्याकडे, त्यांच्याकडे मशाल, घड्याळ या काकांकडे नाही, पुतण्याकडे, आणि काकांकडे तुतारी वाजवणारा माणूस. "मग मी मत कुणाला दिलं ते मला कळणार कसं?" असं त्यांनी विचारलं. अगदी रास्त प्रश्न. शिवाय जिना उतरायचा म्हणजे गुडघे. ८५ पूर्ण झालेल्यांचं मत घरी येऊन घेत होते, सासूबाई ८४ च्या. "एक वर्ष वाढवून सांगितलं तर?" त्या म्हणाल्या. मी एवढ्या जोरात "खोटं काही करायचं नाही!" म्हटलं की त्या आणि भाजी निवडणारी मुलगी दोघी दचकल्या.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरच्या विधानसभेसाठी मला ड्युटी लागली. पत्रं आली तशी ऑफिसात नेहमीची धावपळ सुरू झाली. कुणाची शुगर वाढली, कुणाची कंबर धरली, एकाला तर लग्न ठरल्याचं आठवलं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटांची चळत माझ्याच टेबलावरून पुढे गेली. मी मात्र दोन्ही ट्रेनिंगना जाऊन पुढच्या रांगेत बसले, नोट्स काढल्या. मुलं हसली असतील. हसोत.

मी पहिली मतदान अधिकारी. काम साधं वाटतं. तुमच्यापुढे मतदार यादीची चिन्हांकित प्रत असते. मतदार आला, ओळखपत्र बघायचं, यादीतला फोटो बघायचा (तो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि कोळशाने काढल्यासारखा), अनुक्रमांक आणि नाव एजंटांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायचं, आणि त्याच्या चौकटीवर तिरकी रेघ मारायची. बाई असेल तर रेघ मारायची आणि शिवाय क्रमांकाला गोल करायचा. शाई आणि नोंदवहीतली सही दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, मशीनचं बटण तिसऱ्याकडे.

केंद्र पूर्व उपनगरातल्या एका शाळेत, पहिलीच्या वर्गात. बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागत होते. भिंतीवर 'अ अननसाचा'. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल सुरू झाला, किमान ५० मतं टाकून दाखवायची, मोजून दाखवायची, मशीन पुन्हा कोरं करायचं, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करायच्या. केंद्राध्यक्ष एक तरुण इंजिनिअर, रात्रभर हँडबुक वाचून डोळे लाल. सातच्या ठोक्याला दार उघडलं आणि रांग आत आली.

साडेअकराच्या सुमारास कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक आजोबा आले. चिठ्ठी पुढे केली. मी क्रमांक काढला, तर त्या चौकटीवर रेघ. माझीच रेघ, माझ्याच पेनाची.

आणि माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. "आजोबा, तुमचं मतदान झालंय."

त्यांनी काही न बोलता दोन्ही हातांची बोटं माझ्यापुढे पसरली. स्वच्छ. नखंही नुकतीच कापलेली.

आजोबांच्या नावाच्या वरच्याच चौकटीत तेच नाव, तेच आडनाव होतं, फक्त वडिलांचं नाव वेगळं. सकाळच्या रेट्यात कुणा दुसऱ्याच्या जागी मी यांच्यावर रेघ मारली होती की खरंच कुणी यांच्या नावावर येऊन गेलं होतं? नोंदवही उघडली. सही होती, गिचमीड. "ही माझी नव्हे," आजोबा म्हणाले. केंद्राध्यक्षांनी मात्र, देव त्याचं भलं करो, एक सेकंद वेळ न घालवता हँडबुकातलं बरोबर पान काढलं. अशा मतदाराला परत पाठवायचं नसतं. ओळख पटली की त्याला कागदाची मतपत्रिका द्यायची, टेंडर व्होट म्हणतात त्याला, आपल्या कागदोपत्री मराठीत प्रदत्त मत. वेगळ्या यादीत सही घ्यायची, तो आडोशाला जाऊन बाणफुलीचा शिक्का मारणार, घडी करून आणणार, ती पाकिटात.

आजोबा घडी घेऊन आले आणि पेटी शोधायला लागले.

"पेटी नाही, माझ्याकडे द्या," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"मोजणार ना पण?"

तो गप्प झाला. खरं उत्तर असं आहे की मोजणीच्या दिवशी ही मतं मोजत नाहीत. ती पाकिटात बंद राहतात, फरक फार थोडा असला आणि कुणी कोर्टात गेलं तरच त्यांचा विषय निघतो. बाकावरच्या एका एजंटाने मधेच तोंड घातलं, "काका, ४८ चं काय झालं ते वाचलं नाही का?" सहाच महिन्यांपूर्वी लोकसभेला मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी जास्त ठरले होते, आणि हायकोर्टात गेलेल्या याचिकेत याच प्रदत्त मतांवरून वाद घातला गेला होता. डिसेंबरमध्ये ती याचिका फेटाळली गेली, पण त्या दिवशी ते अजून ठरायचं होतं. गिरगावातल्या प्रभाग २२० मध्ये तर २०१७ ला दोघांना सारखीच मतं पडून शेवटी चिठ्ठी काढावी लागली होती. अण्णांचं 'एक मत' इथवर माझ्या मागे आलं होतं.

आजोबांनी पाकिटाकडे बघितलं. "बरं," म्हणाले. "दिलं ना मी? लिहिलंय ना तिथं?" केंद्राध्यक्षांनी यादीतली त्यांची सही दाखवली. त्यांनी ती वाचली, स्वतःचीच सही, वाचल्यासारखी बघितली, आणि शाई लावलेलं बोट वाळवत गेले.

सहा वाजता रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटत आलो, शेवटचा माणूस सव्वासातला बाहेर पडला. वरच्या चौकटीतले गृहस्थ दिवसभर आलेच नाहीत. म्हणजे ते सकाळी येऊन गेले होते आणि रेघ मी चुकीच्या जागी मारली होती, असंच बहुतेक. मी केंद्राध्यक्षांना तसं सांगितलं. "माझ्या हातून झालंय. डायरीत लिहा." तो म्हणाला, "मॅडम, होतं. हजारावर नावं आहेत." आणि लिहिलं. दोन मिनिटांचं काम. परतीच्या बसमध्ये मशीनच्या पेट्यांवर हात ठेवून बसले होते आणि मला त्या चौघींच्या रांगेतलं तिसरं 'नाही' आठवत होतं. तेही दोन मिनिटांचंच काम होतं.

मग गेल्या वर्षी मतदार याद्यांचं प्रकरण पेटलं. १ नोव्हेंबरला मुंबईत मोर्चा निघाला, पाठोपाठ महापालिकेच्या प्रारूप याद्यांत ११ लाखांच्या आसपास दुबार नोंदी असल्याचं बाहेर आलं. मुलगी म्हणाली, "मतं चोरीलाच जाणार असतील तर सुट्टी घेऊन अलिबागला का जाऊ नये?" नवरा म्हणाला, "चोर ते चोर, सगळ्यांना आत टाका." मी पोळी उलटायला उठले. मतचोरी हा शब्द आता दूधवाल्याच्या तोंडीही आहे, आमच्या घरात त्याला मीच एकटी दचकते. कोण खरं, कोण खोटं, किती खोटं, यावर माझं मत आहे आणि मी ते देतेही. पण मुलीने 'त्यात एवढं काय, एक मत तर असतं' म्हटलं की मला परळहून टॅक्सीने आलेली बाई दिसते, आणि मी काही बोलायच्या आत पोळी करपते.

महापालिकेची निवडणूक अखेर १५ जानेवारीला झाली. आधीची २०१७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जवळपास नऊ वर्षांनी. मधली जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाहीत, प्रशासक. आमच्या गल्लीतला गटाराचा पाइप कुणाच्या नावाने शिव्या द्याव्यात ते न कळून तसाच वाहत राहिला. यंदा ड्युटी नव्हती, मतदार म्हणून गेले. यादीत माझ्या नावापुढे दोन तारे. भांडुपची खोली सोडून मुलुंडला येऊन १५ वर्षं झाली, तरी दोन्हीकडे मी आहे. दुबार. टेबलामागच्या मुलीने हमीपत्र पुढे केलं: दुसरीकडे मतदान केलेलं नाही, करणार नाही. "मॅडम, सही कार्डावर आहे तशीच करा हं," ती म्हणाली. मागे रांग होती. मी पेन टेकवलं आणि क्षणभर माझी स्वतःची सहीच आठवेना. मग आली. बोटावर बाटलीतली शाई नव्हती, मार्कर होता. दुपारपर्यंत चॅनलांवर तो पुसून दाखवणाऱ्यांची रीघ लागली.

घरी येऊन कुकर लावला. मोबाइल वाजला. ताई. ती निवृत्त होऊन दहिसरला मुलाकडे असते, रोज सकाळी फुलांचे फोटो आणि गुडघ्यांसाठी मेथीचे उपाय पाठवते. अण्णा २०११ मध्येच गेले, त्यांच्या बाराव्याला आम्ही दोघी एकाच टॅक्सीतून गेलो होतो आणि वाटेत भाज्यांच्या भावावर बोललो होतो. आजचा फोटो तिच्या बोटाचा होता, सुरकुतलेलं, नखाजवळ काळी रेघ. खाली लिहिलं होतं: 'झालं बाई माझं. ह्या वेळी माझ्या आधी कुणी करून गेलं नव्हतं.' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

जुन्या स्टाफच्या ग्रुपवर जाऊन बघितलं. तिथे नव्हता. फक्त मला पाठवला होता.

मी 'ताई' एवढं लिहिलं. खोडलं. 'ताई, तेव्हा' असं लिहिलं. खोडलं. तिकडे तिला मी टाइप करतेय हे दिसत असणार, थांबतेय, परत करतेय, तेही. ती काही बोलली नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा मी अंगठा पाठवला.